पालथा डोंगा

डोंगा कोणाचा, असं त्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी "माहा नाई" असं म्हणालो. मी खोटं बोललो नाही. त्या वर्षी तो माझा नव्हताच. माझ्या बायकोचा होता, आणि ती मेली होती.

हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, आरमोरीच्या खालच्या अंगाला आहे. गावात आम्हा ढिवरांची थोडी घरं. नदीत जाळं टाकतो, तलावातली मासोळी धरतो, धानाच्या दिवसांत मजुरीला जातो. आमचं मसण नदीपलीकडच्या रेतीवर आहे. घरातलं माणूस मेलं की घरच्याच डोंग्यातून त्याला पलीकडे नेतात. परत आल्यावर तो डोंगा काठावर पालथा घालतात. तिथून वर्षभर तो मेलेल्याचा. कोणी तो पाण्यात घालत नाही, कोणी त्याला आपला म्हणत नाही. मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. रोज डोंग्यावर एक घागर पाणी ओतायचं. वर्ष भरलं की घरच्या माणसानं तो सरळ करून पाण्यात ढकलायचा, एकट्यानं पलीकडे जायचं, नाव घेऊन हाक मारायची आणि त्या माणसाला डोंग्यात बसवून घरी आणायचं. मग ते आपल्या देवांत बसतं. तोवर ते तिकडे रेतीवर वाट पाहत असतं.

सगळ्याच ढिवरांत असं आहे की नाही, मला माहीत नाही. आमच्या घरांत आहे.

माझी बायको ज्येष्ठात गेली. ताप आला आणि उतरला नाही. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात न्यायला मी डोंगा काढला तेव्हा ती शुद्धीत होती. "जाळं वाळू घातलं हाये, तेवढं काढून घ्याजा," असं म्हणाली. अर्ध्या नदीत तिच्या पायाला हात लागला तर पाय गार होता. मी वल्हं मारत राहिलो. पलीकडे लागल्यावर दवाखान्यात जायचं काम उरलं नव्हतं. तिला परत घरी आणलं, न्हाऊ घातलं, आणि त्याच डोंग्यातून पुन्हा तिकडे नेलं. आम्हाला लेकरू नव्हतं. डोंगा पालथा घालून मी त्याच्याजवळ बसलो. त्यानंतर संध्याकाळी तिथंच बसायची सवय लागली.

मार्गशीर्षात कोतवालाबरोबर एक साहेब आले. जाड भिंगाचा चष्मा, पँट, पायात बूट. बोलायला मऊ. त्यांचं नाव गुणवंतराव, हे मला पुढे समजलं. ते डोंग्याभोवती फिरले, वाकून पाहिलं, हात फिरवला.

"एकाच खोडाचा आहे ना?"

"हो जी. मोहाच्या."

"कोणाचा?"

"माहा नाई."

"मग?"

"जिचा होता ते गेली."

"काय नाव तिचं?"

"नाई घेत जी."

"मागे मुलंबाळं?"

"नाई जी."

त्यांनी डोंग्यावर पुन्हा एकदा हात फिरवला. मग "छान डोंगा आहे," असं म्हणाले आणि गेले. सरकारी माणसं कधी विहिरी पाहतात, कधी झाडं पाहतात. यांनी डोंगा पाहिला. मी त्यात जास्त काही धरलं नाही.

पौषात मी एटापल्लीकडच्या जंगलात बांबू तोडायला गेलो. गावात राहून काही सुचत नव्हतं. पाणी ओतायचं काम देवकाबाईला सांगितलं. देवकाबाई म्हणजे माझी आकडसासू, बायकोची थोरली बहीण. तिचा नवरा मुखरू, माझा साडभाऊ. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. देवकाबाई म्हणाली, "जवाई, तुमी बेफिकीर जा. माही बहीन हाये ते."

शिमगा झाल्यावर मी परत आलो. घरी न जाता आधी नदीवर गेलो. डोंगा नव्हता. जिथं तो होता तिथली रेती ओली होती. देवकाबाई रिकामी घागर घेऊन बाजूला उभी होती.

"डोंगा कुठी हाये, बाई?"

तिनं आधी रडून घेतलं. मग सांगितलं. सरकारी मोटार आली. कोतवाल होता. डोंगा बेवारस आहे, आता तो दिल्लीच्या अजबबंगल्यात ठेवतील, सारा देश पाहील, असं ते बोलले. ती डोंग्यावर जाऊन बसली. कोणी तिच्या अंगाला हात लावला नाही. "बसा बाई, आमाले घाई नाई," असं म्हणून ते झाडाखाली बिड्या ओढत बसले. दुपार कलली. त्या दिवसाचं पाणी ओतायचं राहिलं होतं.

"मी घागर भराले उठली, जवाई. पानी तं ओतलं पाह्यजे ना? नदीत वाकली आन मांगं पाह्यलं, तं त्याईनं उचललाच होता."

"आन हे वल्लं काऊन हाये?"

"मंग काय करू? पानी कुठी ओतू?"

ती रोज त्या रिकाम्या जागेवर घागर ओतत होती.

मुखरूनं चार ठिकाणी विचारून काढलं. डोंगा बल्लारपूरला होता. राष्ट्रीय वाहन संग्रहालय नावाचं काहीतरी सरकार उभं करत होतं. दिल्लीत त्याची इमारत चालू होती. आपल्या भागातल्या जुन्या गाड्या तोवर बल्लारपूर स्टेशनाजवळच्या एका लाकडाच्या गोदामात मांडल्या होत्या, आणि लोकांना फुकट पाहायला मिळत होत्या. लोक त्याला गाड्यांचा अजबबंगला म्हणत होते.

आम्ही दोघं निघालो. नागभीडवरून लहान गाडीनं चांद्याला, तिथून मोठ्या गाडीनं बल्लारपूर. मुखरू वाटेत बोलत होता. मी बोलत नाही म्हणून तो दोघांचंही बोलतो.

"सायेब भला दिसला म्हनतेस ना? मंग देईन. त्याईले आपला डोंगा काय कराचा? दिल्लीत नदी हाये का?"

"आसन."

"आसन तं त्याईचे डोंगेही आसतीन!"

गोदाम मोठं होतं. वर पत्रा. दाराशी खाकी कपड्यातला एक चौकीदार काठी घेऊन बसला होता. त्याचं नाव झिंगू. प्रत्येक माणसाला तो एकच गोष्ट सांगत होता. "पाहा, पन हात नोको लावू. हात लावला का सायेब माह्यावर खेकसते."

आत जाऊन मी सरळ डोंगा शोधणार होतो. पण दोरी बांधून वाट केली होती, आणि त्या वाटेनंच जावं लागत होतं. पुढे माणसं, मागे माणसं. एकेका गाडीपाशी सगळे थांबले की आम्हीही थांबायचो.

पहिल्यांदा एक बैलांची खासर होती, जुन्या धाटणीची, भरीव चाकांची. मुखरू म्हणाला, "अबे, हे तं आपल्या सासऱ्याच्या घरी अजून चालते. यायले समजलं तं सासऱ्यालेही आनून बसवतीन." मग माणसं बसायची हलकी, घुंगरांची रेंगी. मग कोण्या जमीनदाराचा मेणा, त्याच्या दांड्याला भोयांच्या खांद्यांनी पडलेली झीज. हत्तीवरचा हौदा. रेल्वेच्या रुळावरून माणसं ढकलत नेतात ती गाडी. एका बाजूला लहान लेकराचा पांगुळगाडा ठेवला होता. त्यालाही दोरी बांधली होती. एक बाई आपल्या सासूला म्हणाली, "आत्या, हेही वाहन झालं का वो?" सासू म्हणाली, "तूच नाई का मांगं लेकरू पळते म्हनून बोंबलत होती. मंग वाहनच झालं ना."

लोक हसले. मी पुढे झालो.

पुढे कोळशाची मोटार होती. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हा या चालायच्या. मागच्या बाजूला लोखंडी पिंप, त्यात कोळसा पेटवायचा, आणि त्याच्या धुरावर मोटार चालायची. नेमकी हीच होती की हिच्यासारखी दुसरी, मला सांगता येत नाही. चैत्रात महाकालीच्या जत्रेला आम्ही अशाच मोटारीनं चांद्याला गेलो होतो. लग्न होऊन थोडंच झालं होतं. चढावर मोटार दमली. ड्रायव्हर म्हणाला, बाप्ये उतरा, ढकला. बाप्ये उतरले. तीही उतरली. मी म्हटलं, तू बस. ती म्हणाली, "तुमाले एकट्याले ढकलू देऊ का?" ती पिंपाच्या बाजूला लागली. वर पोचलो तेव्हा तिचं तोंड काळं झालं होतं, आणि दातच पांढरे दिसत होते. देवीपुढे ती तशीच उभी राहिली.

मी त्या पिंपाला हात लावला. झिंगू दारातून ओरडला, "ओ भाऊ!"

त्याच्या पुढे डोंगा होता.

दोन लाकडी टेकूंवर सरळ ठेवला होता. पालथा नाही, सरळ. त्याला काहीतरी चमकणारं तेल लावलं होतं. आणि त्यात एक बाई बसली होती.

मी तिला खरी बाई समजलो. माझे पाय थांबले. मग समजलं, ती मातीची की चुन्याची होती. रंग दिलेला. हिरवं लुगडं, पण आमच्याकडे नेसत नाहीत तसं नेसवलेलं. मांडीवर टोपली, टोपलीत चुन्याचे मासे. तोंडावर हसू.

मुखरू हळू आवाजात म्हणाला, "हे कोन बसवली बे?"

मी काय सांगणार? वर्ष भरलं नव्हतं. डोंगा सरळ केला होता. जिला त्यात बसवून आणायचं ती रेतीवर होती, आणि तिच्या जागी ही बसली होती. मागची माणसं पुढे सरका म्हणाली. मला सरकता येत नव्हतं.

झिंगू जवळ आला. त्याला वाटलं आम्हाला बाई आवडली. "नागपूरवरून बनवून आनली. मी रोज सकारी तिले रामराम करतो. बोलत नाई, पन भांडतही नाई. घरच्या बायकोपरिस बरी."

मुखरू म्हणाला, "चूप राह्य, बापा. याची बायको गेली. हा तिचा डोंगा हाये."

झिंगूनं काठी बगलेत धरली. माझ्याकडं पाहिलं, डोंग्याकडं पाहिलं. मग आतल्या खोलीकडं गेला आणि साहेबांना घेऊन आला.

गुणवंतरावांनी मला ओळखलं. "तुम्ही तेच ना, नदीवरचे? मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो जी. विचारलं होतं."

"तुम्ही म्हणालात तुमचा नाही."

"नव्हता जी."

"मग आता?"

मुखरूनं सांगितलं. पालथा का घालतो, नाव का घेत नाही, वर्षानंतर काय करतो. मध्येच लोक जमले. साहेबांनी लोकांना पुढे व्हायला सांगितलं आणि आम्हाला स्टुलावर बसवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"हे तुम्ही मला त्याच वेळी सांगितलं असतंत..."

वर्षाच्या आत डोंगा आपला म्हणायचा नसतो, हेच मुखरूनं आत्ता सांगितलं होतं, आणि त्यांनाही ते समजलं होतं.

"घेऊन जा," ते म्हणाले. "वरच्यांना काय सांगायचं ते मी पाहीन. इथून नागभीडपर्यंत पोचवायची व्यवस्थाही करतो."

इतकं सोपं होईल असं मला वाटलं नव्हतं. मुखरूनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी साहेबांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला धरलं.

झिंगू आणि आणखी एक हमाल त्या चुन्याच्या बाईला उचलू लागले. ती जड होती. तिच्याखाली एक चटई अंथरली होती. बाई खाली ठेवली, चटई काढली, आणि डोंग्याच्या तळातून खालची फरशी दिसली.

तडा गेला होता. इथून तिथपर्यंत. मधल्या भागात माझं बोट आत जात होतं. नाकाकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, तळहात आडवा जात होता. मोटारीतले हादरे, मग वर तापलेला पत्रा. मोहाचं लाकूड पाण्यातलं. त्याला इतके महिने कोणी पाणी पाजलं नव्हतं. देवकाबाई पाजत होती, पण ते इकडे येत नव्हतं.

साहेबांचं तोंड उतरलं. "आम्हाला वाटलं, कोरडा ठेवला तर टिकेल."

"पानी आना जी," मी म्हणालो.

झिंगूनं बादली आणली. मी डोंग्यात ओतली. सगळं पाणी खाली पडलं. फरशीवरून वाहत ते लोकांच्या पायांपर्यंत गेलं. लोक बाजूला झाले, बायकांनी लुगडी वर धरली. मी आणखी मागितलं. त्यानं आणखी आणलं. तेही गेलं. किती ओतलं मला माहीत नाही. शेवटी मुखरूनं माझ्या हातातली बादली काढून घेतली.

"भिजत घालू ना," तो म्हणाला. "लाकूड फुगते. तडा भरन."

"नाकाचा नाई भरत."

"डांबर लावू. पत्रा ठोकू."

"तिच्या डोंग्यात लोखंड ठोकतेस का?"

हे चालतं की नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. लोखंड चालतं का, दुसऱ्याच्या डोंग्यातून आणता येतं का, एकदा वर्षाच्या आधी सरळ झालेला डोंगा पुन्हा पालथा केला तर ते जमतं का. हे माझ्या चुलत्याला माहीत असायचं. तो मागंच गेला. तो होता तेव्हा अशा गोष्टी विचारायची वेळ आली नव्हती.

साहेब म्हणाले, "नेता का? तुम्ही म्हणाल तसं."

असा नेला तर अर्ध्या नदीतही जाणार नव्हता. आणि पुन्हा हादरे खात नेला तर घरी दोन फाळ्या पोचल्या असत्या. मी न्यायचा म्हटलं असतं तर त्यांनी दिला असता. कोणी अडवत नव्हतं. मला फक्त हो किंवा नाही म्हणायचं होतं.

मुखरूच मग म्हणाला, "सायेब, इथी नदी कोनती हाये?"

"वर्धा. इथून जवळच."

"वर्धा आन आपली वैनगंगा खाली जाऊन एक होतेत ना जी?"

"होतात."

"मंग असं करा. इथीच पालथा करा. रोज पानी ओता. वर्स भरन त्या दिवशी आमी येतो. तोपर्यंत तडा जरा भरला, तं वर्धेत घालू. याले दूर न्याचं कामच नाई. थोडासा तरंगला तरी झालं. पानी तं एकच हाये."

तो माझ्याकडं पाहत होता. पाणी एकच आहे हे खरं होतं. पण ती वर्धेच्या काठावर नव्हती. तरी मी मान हलवली. दुसरं काही नव्हतं.

साहेबांनी लगेच कबूल केलं. त्यांनी कोट काढला आणि स्वतः हात लावला. आम्ही चौघापाचांनी डोंगा टेकूंवरून उतरवला आणि जमिनीवर पालथा घातला. त्यावर पोती टाकली, पोत्यांवर मी एक बादली ओतली. दोरीपलीकडून एक म्हातारा विचारत होता, "हे काय वाहन हाये? खालून पाहाचं हाये का?"

झिंगू मला म्हणाला, "भाऊ, रोज एक बादली. माह्याकडे लागलं. तुमी जा." आणि मग, "ते मघा बोललो ते मनावर घेऊ नोका जी."

चुन्याची बाई भिंतीला टेकवून ठेवली होती. टोपली तिच्या मांडीवर होती.

गावी येऊन देवकाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तिथी कोन ओतते पानी?" मी म्हटलं, झिंगू नावाचा एक माणूस. "कोनत्या जातीचा?" मला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "बरं. ओततो ना? झालं." पण ती इकडच्या रेतीवरही ओतत राहिली. मीही तिला नको म्हणालो नाही.

वैशाख सरला. ज्येष्ठ लागला. मी तिच्या वस्तू काढल्या. एक लुगडं, लाकडी फणी, आणि जाळं विणायची सुई. डोंगा परत येताना या त्यात ठेवायच्या असतात. देवकाबाईनं सगळं फडक्यात बांधून दिलं. वर्षाच्या आदल्या दिवशी मी आणि मुखरू निघालो. गाडीत तो म्हणत होता, "फुगला आसन आता. झिंग्या इमानी दिसला." मी फडकं मांडीवर धरून बसलो होतो. मला तो खरंच फुगला असेल असं वाटायला लागलं होतं. रात्री स्टेशनवरच पडलो आणि सकाळी गोदामाकडे गेलो.

दार उघडं होतं. बाहेर लोक नव्हते. आत खासर नव्हती, रेंगी नव्हती, मेणा नव्हता. दोऱ्या जमिनीवर पडल्या होत्या. झिंगू झाडत होता. आम्हाला पाहून त्यानं झाडणी खाली टाकली.

"गेलं जी सारं. वरून हुकूम आला. पावसाच्या आधी पोचलं पाह्यजे म्हने. वॅगनी आल्या आन भरून नेलं."

मुखरू म्हणाला, "आन सायेब?"

"सायेबही संगं गेले. लय भांडले जी फोनवर. हा एक डोंगा राहू द्या, थोड्या दिवसांनी धाडतो म्हने. ऐकलं नाई त्याईचं. तुमाले सांगाले सांगतलं, का मी थांबवून पाह्यलं." झिंगू माझ्याकडं न पाहता बोलत होता. "मी पानी ओतत होतो जी. एक दिवस नाई चुकवला. वॅगनीत भरला तं पालथाच ठेवा म्हनलं. पालथाच ठेवला. आन दार लावाच्या आधी एक बादली ओतली."

"तडा भरला होता का?" मी विचारलं.

"मधातला भरला होता. नाकाचा नाई."

जिथं डोंगा होता तिथली फरशी अजून काळी दिसत होती. गोदामाच्या कोपऱ्यात ती चुन्याची बाई एकटीच होती. चढवताना तिचा हात तुटला म्हणून तिला नेलं नव्हतं.

"हिले काय करू, म्हनून विचारलं," झिंगू म्हणाला. "कोनी बोललंच नाई."

आम्ही तिथं बसलो. झिंगूनं चहा आणला. मुखरू म्हणाला, "दिल्लीले जाऊ." मग तोच म्हणाला, "आज वर्स हाये, उद्या जाऊन काय कराचं?" मग पुन्हा म्हणाला, "सायेबाले कोनाकडून सांगावा धाडू." आणि मग तो बोलायचा थांबला. मुखरू बोलायचा थांबला की मला भीती वाटते.

दुपारची गाडी धरून आम्ही परत निघालो. गावाच्या काठाला लागेपर्यंत दिवस बुडायला आला होता. देवकाबाई नदीवर उभी होती. आमच्या हातात फडकं तसंच पाहून तिला समजलं. घागर भरली आणि त्या जागेवर ओतली. वर्ष भरलं होतं. आता ओतायचं नव्हतं, पण तिनं ओतली.

मी मुखरूचा डोंगा ढकलला. तो म्हणाला, "याच्यातून आनता येते का?"

"आनाले नाई चाललो."

पलीकडे रेती अजून तापलेली होती. मी जिथं तिला ठेवलं होतं तिथं जाऊन उभा राहिलो. वर्षभर मी तिचं नाव मनातही घेतलं नव्हतं.

"कुंता," मी म्हणालो.

मग आणखी काय म्हणायचं ते मला येत नव्हतं. पुढचं बोलणं डोंग्याचं असतं. चल, बस, घरी जाऊ, असं म्हणायचं असतं. मी तिला खरं तेच सांगितलं. डोंगा दिल्लीला गेला. पालथाच गेला. तुझ्या बहिणीनं पाणी ओतलं, एका झिंगू नावाच्या माणसानं ओतलं. मोटारीचं पिंप पाहिलं. तुझं जाळं मी त्याच दिवशी काढलं होतं.

फडकं सोडून लुगडं, फणी आणि सुई रेतीवर ठेवली. मग वाऱ्यानं लुगडं उडेल म्हणून त्यावर दगड ठेवला. मग तेही बरं दिसेना. पुन्हा सगळं बांधलं आणि मांडीवर घेऊन बसलो. अंधार पडल्यावर मुखरूनं अलीकडून हाक मारली. मी उत्तर दिलं, पण उठलो नाही.

आता मी रोज संध्याकाळी तिकडे जातो. तिला इकडे आणता येत नाही, म्हणून मी जातो. गावात कोणी म्हणतात, डोंगा नाही तर काय झालं, ती आली असेल. कोणी म्हणतात, नाही. देवकाबाई काही म्हणत नाही. ती आमच्या देवांपुढे एक जागा मोकळी ठेवते आणि रोज तिथलं झाडून घेते.

पण ज्येष्ठ सरत आला आहे. नदीला पूर आला की ती सारी रेती पाण्याखाली जाते आणि दिवाळीपर्यंत दिसत नाही. तोपर्यंत ती कुठं बसेल, ते मला माहीत नाही.